बिळाच्या मापाचं जनावर

सशाचं बीळ आतून साधारण १५ सेंटिमीटर रुंद असतं. कामाच्या फेरेटचा बांधा समजून घ्यायचा, तर सुरुवात या मापापासून करावी. ब्रिटनच्या शेतशिवारात आजही सशांच्या बंदोबस्तासाठी फेरेट पाळतात आणि त्यांच्या अंगापिंडाची परीक्षा याच अंधाऱ्या बोगद्यात होते. दिसायला ते मुंगसासारखं असलं तरी मुंगसाच्या कुळातलं नाही. आपल्या नद्यांतल्या पाणमांजराचं आणि त्याचं कूळ एक. युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसानं ते माणसाळवलं, त्याला दोन हजार वर्षं तरी झाली असावीत. स्पेनमधल्या सशांच्या उपद्रवाबद्दल लिहिताना ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो तोंड बांधून बिळात सोडल्या जाणाऱ्या अशाच प्राण्यांचा उल्लेख करतो. पुढे नॉर्मन लोकांनी इंग्लंडमध्ये ससे आणले आणि सशांच्या मागोमाग फेरेटही तिथे पोचलं.

हे काम हिवाळ्याचं. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत झाडोरा वाळलेला असतो, बिळांची तोंडं दिसतात आणि बिळात सशाची पिल्लं फारशी नसतात. प्रत्येक तोंडावर एक छोटी जाळी पसरतात. तिच्या कडेनं दोरी ओवलेली असते, त्यामुळे ससा आतून येऊन धडकला की ती बटव्यासारखी आवळते. मग फेरेट आत सोडतात. त्याच्या वासानं आणि हालचालीनं ससे बाहेर पळतात. ससा पकडणं हे जाळीचं काम, फेरेटनं त्याला फक्त उठवायचं. कारण फेरेटनं आतच ससा मारला तर ते तिथेच पोटभर खातं आणि झोपून जातं. मालक मात्र वर थंडीत तासन्‌तास ताटकळत बसतो.

बांध्याचा विचार इथून सुरू होतो. फेरेटच्या मादीला जिल म्हणतात, नराला हॉब. जिल साधारण ६०० ते ९०० ग्रॅमची असते. हॉब एक किलोच्या पुढे, कधी दोन किलोपर्यंत जातो. रानातल्या पोलकॅटमध्येही नर-मादीत एवढाच फरक दिसतो, म्हणजे हे वाण मूळचंच. लहान चणीची जिल जाळीला धक्का न लावता तिच्या भोकांतून आरपार ये-जा करते. हॉब त्याच जाळीत अडकतो आणि ती ओढून विस्कटून टाकतो. शिवाय पुरा वाढलेला ससा जिलला दाबून धरता येत नाही. तो झटका देऊन सुटतो आणि बाहेर पळतो, आणि मालकाला नेमकं हेच हवं असतं.

मग धिप्पाड हॉब कशाला पाळायचे? याचं उत्तर दोरीत आहे. जिल आत अडकून राहिली की पूर्वी एक दांडगा हॉब गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला लांब दोरी बांधून आत सोडत. तो दुसऱ्या फेरेटला हुसकावून लावी आणि मेलेल्या सशापाशी स्वतः ठाण मांडून बसे. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी असत. किती गाठी आत गेल्या त्यावरून अंदाज घ्यायचा आणि दोरीचा माग काढत फावड्यानं खणत जायचं. या कामाला वजन लागतं, छातीत जोर लागतो, आणि बिळातल्या मुळ्यांना अडकणारी दोरी ओढत नेण्याइतका दम लागतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गळ्यातल्या पट्ट्यात बसणारं छोटं प्रक्षेपक यंत्र आलं. हातातल्या यंत्रावर फेरेटची जागा आणि खोली कळू लागली आणि दोरीच्या हॉबची गरज बऱ्याच अंशी संपली. एका यंत्रामुळे जनावराच्या कोणत्या अंगाला किंमत द्यायची, तेच बदलून गेलं. त्याआधी १९५३ साली ब्रिटनमध्ये मिक्सोमॅटोसिस हा रोग पसरला आणि काही वर्षांत तिथले बहुतांश ससे मेले. ससेच नाहीत तर फेरेट कशाला, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते पाळणंच थांबलं.

पाळणारे लोक ढोबळमानानं दोन बांधे सांगतात. एक ‘व्हिपेट’, म्हणजे सडपातळ, लांबोडक्या चेहऱ्याचा. दुसरा ‘बुलडॉग’, म्हणजे रुंद डोक्याचा, भरल्या खांद्यांचा, आखूड मानेचा. बहुतेक जनावरं या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतात. कुत्र्यांसारख्या नोंदलेल्या जाती इथे नाहीत. एका खोऱ्यातल्या, एका माणसाच्या हातची जनावरं पिढ्यान्‌पिढ्या एकाच कामाला लावली की त्यांचं एक घराणं बनतं, इतकंच. माझा कौल सडपातळ बांध्याला आहे. बुलडॉग डोकं प्रदर्शनाच्या टेबलावर शोभतं, पण अरुंद वळणावर त्याचा काही उपयोग नाही. कामाचं फेरेट बोगद्यात स्वतःच्या अंगावरून दुमडून मागे वळू शकतं, ते लवचिक कण्यामुळे आणि अरुंद छातीमुळे. म्हणून हात फिरवताना कणा सरळ आहे का, पुढचे पाय वाकलेले नाहीत ना आणि दात नीट जुळतात का, हे पाहावं. नख्या शाबूत असाव्यात. ससा आंधळ्या टोकाला तोंड लपवून बसला की फेरेट मागून त्याला ओरबाडतं, आणि बाहेर आल्यावर नख्यांत अडकलेली लव पाहून मालकाला कळतं की आत अजून ससा आहे.

मुठीत मावतील अशी फार छोटी फेरेटही काही जण मुद्दाम पैदा करतात. मला ते पटत नाही. लहान शरीर लवकर थंड पडतं आणि सशाची एक लाथ त्याला भारी पडते.

बांधा पाहताना डोळे दोन प्रकारे फसतात. पहिलं कारण ऋतू. फेरेट हिवाळ्याच्या तोंडावर चरबी साठवतं आणि वसंतात उतरतं. वजनातला हा फरक ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जातो. नोव्हेंबरात भारदस्त वाटणारा हॉब मे महिन्यात वेगळाच प्राणी दिसतो. दुसरं कारण आहार. जुन्या काळी अनेक घरांत फेरेटला दुधात भिजवलेला पाव देत. पूर्ण मांसाहारी प्राण्याला हे खाणं मारक आहे. त्यावर वाढलेली पिल्लं खुजी आणि कमकुवत राहतात. अशा खुज्या आईची पिल्लं नीट मांसावर वाढवली की ती आईपेक्षा मोठी निघू शकतात. म्हणजे ज्याला लहान चणीचं घराणं समजत होतो, ती नुसती उपासमार असते. पैदाशीसाठी जनावर निवडणाऱ्यानं आधी त्याच्या ताटात काय होतं ते विचारावं.

रंगाबद्दल बरेच समज आहेत. लाल डोळ्यांचं पांढरं फेरेट झुडपात चटकन दिसतं आणि ससा समजून त्यावर चुकून बंदूक चालत नाही, म्हणून ते अनेकांना आवडतं. हा रंग अप्रभावी जनुकाचा, त्यामुळे दोन पांढऱ्यांची सगळी पिल्लं पांढरीच होतात. ते दुबळं असतं असं म्हणतात, त्यात तथ्य नाही. मात्र कपाळावर पांढरा पट्टा किंवा सगळं डोकंच पांढरं असलेली, पण काळ्या डोळ्यांची फेरेट बहुतेकदा जन्मतः बहिरी असतात. पैदाशीत ती टाळलेली बरी. गडद, मुखवट्यासारख्या खुणांचं फेरेट पाहून त्यात रानटी रक्त आहे असं विक्रेते सांगतात. तो रंग रानटी पूर्वजाचा खरा, पण त्यावरून ताजा संकर सिद्ध होत नाही. आणि खरोखर पोलकॅटशी संकर झालेली पहिली पिढी बुजरी, चावरी आणि हाताळायला कठीण निघते. बिळाच्या तोंडाशी येऊन हाताला न सापडता पुन्हा आत शिरणाऱ्या जनावराचा उपयोग काय?

पैदाशीचं वेळापत्रक उजेडावर चालतं. दिवस मोठा होऊ लागला की मार्चच्या सुमारास जिल माजावर येते आणि समागम झाल्याशिवाय तिचा माज उतरत नाही. महिनोन्‌महिने तशीच राहिली तर इस्ट्रोजेनमुळे अस्थिमज्जा दबते, रक्त बनणं थांबतं आणि ती दगावू शकते. म्हणून पिल्लं नको असतील तेव्हा नसबंदी केलेल्या हॉबकडे नेऊन किंवा पशुवैद्याकडून संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन तिचा माज उतरवतात. घराणं सांभाळणाऱ्याला हे जमलंच पाहिजे. नाहीतर जीव वाचवायचा म्हणून दरवर्षी पिल्लं होतात आणि निवड राहून जाते. गर्भ ४२ दिवसांचा. एप्रिलच्या मध्यात फळलेली जिल मे अखेरीस विते आणि ऑक्टोबरपर्यंत पिल्लं कामाची तोंडओळख करून घेण्याइतकी वाढतात.

म्हणून जिलनं निदान एक पूर्ण हिवाळा काम केल्याशिवाय तिची पिल्लं घेऊ नयेत. त्या हिवाळ्यात ती आपणहून बाहेर येते का, हातात शांत राहते का, आत वारंवार अडकून बसते का, हे सगळं दिसतं. नर निवडताना त्याच्या बहिणींचं काम पाहावं, कारण हॉब स्वतः जाळीवर क्वचितच काम करतो. नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्यानं घराणं पक्कं होतं हे खरं, पण दोन-तीन पिढ्यांत एखादा दूरचा हॉब आणावा. उत्तर अमेरिकेतली पाळीव फेरेट थोड्याच पूर्वजांपासून वाढली आणि युरोपातल्यांपेक्षा त्यांच्यात जनुकीय वैविध्य कमी आढळलं. तशी वेळ एका खोऱ्यातल्या घराण्यावर याहून लवकर येते. आणलेल्या हॉबची पिल्लं लगेच वाटून टाकू नयेत. एक हिवाळा जवळ ठेवून त्यांच्यातल्या जिल बिळातून कशा बाहेर येतात ते पाहावं, आणि मगच पुढच्या वसंतातली जोडी ठरवावी.