जुना रिपोर्ट, नवी गाठ

“डॉक्टरसाहेब, तीन वर्साआंधी तपासनी केली होती नं? मंग आता पुन्हा सुई कायले?” स्तनाचा कर्करोग हाडात किंवा यकृतात पुन्हा दिसला आणि बायोप्सी सांगितली, की अमरावती-अकोल्यात हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्तच आहे. सुई दुखते, खर्च होतो, कधी नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयाची किंवा मुंबईच्या टाटाची खेप पडते. तरी मी आग्रह सोडत नाही.

गाठ एक दिसली तरी आतल्या पेशी एकसारख्या नसतात. काहींवर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे रिसेप्टर असतात, काहींवर नसतात. काहींवर हर-टू हे प्रथिन जास्त असते. कापूस पिकवणाऱ्याला हे लवकर पटते. बीटी कापसावर गुलाबी बोंडअळी मरत होती. ज्या थोड्या तगल्या त्यांचीच पिलावळ वाढली. २०१७ चा हंगाम विदर्भ विसरलेला नाही. टॅमॉक्सिफेनची गोळी इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या पेशींना रोखते; तिला न जुमानणाऱ्या मागे उरतात.

पण कर्करोगाची पेशी अळीच्या पुढे जाते. ती जगता जगता स्वभाव बदलते. दुग्धनलिकेच्या पेशी एरवी एकमेकींना घट्ट धरून असतात. गर्भात अवयव घडताना, जखम भरताना काही पेशी पकड सोडून सरकतात आणि नव्या जागी पुन्हा बसतात. शरीराची ही जुनी, उपयोगाची विद्या कर्करोग उचलतो. त्यासाठी जनुकात नवा बिघाड व्हावाच लागतो असे नाही. कोणते जनुक चालू, कोणते बंद, एवढे फिरले तरी पुरते. अशी पेशी औषधाच्या माऱ्यात गप्प बसून वर्षांनी डोके वर काढू शकते.

म्हणून परतलेली गाठ पहिल्यासारखीच असेल, हे धरून चालता येत नाही. सुमारे पाचांतल्या एका रुग्णात इस्ट्रोजेन रिसेप्टरचा निकाल बदललेला आढळतो. मग औषधही बदलावे लागते. हर-टू नव्याने दिसला, तर आधी निरुपयोगी असलेले ट्रॅस्टुझुमॅब कामी येऊ शकते. निकाल तोच आला तरी सुई वाया गेली असे मी मानत नाही. गाठ अगदीच अवघड जागी असेल, तेव्हा मात्र जुन्या रिपोर्टवर भागवावे लागते.

फाइल आपल्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत जिवापाड जपतात. पहिल्या गाठीचा मेणातला तुकडा, म्हणजे ब्लॉक, मात्र लॅबमध्येच विसरतात. तो आणि काचपट्ट्या कुठे आहेत, हे फाइलवरच लिहून ठेवा. नवी गाठ तिच्याशेजारी ठेवून पाहता येते.