सगळ्या जगाचं श्रमदान आणि एक कुलूप

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

उसाचं बिल आता बँकेच्या खात्यावर जमा होतं, हळदीच्या सौद्याचे पैसे मोबाइलवरून इकडचे तिकडे जातात. त्यामुळं सातारा-सांगलीकडं एक प्रश्न हमखास विचारला जातो. हे सगळे व्यवहार म्हणे कुलूपबंद असतात. पण जगभरातले लाखो संगणक एकत्र जुंपले, तर ते कुलूप फुटणार नाही कशावरून? प्रश्न रास्त आहे. तो जाणकारांनाही पडला होता आणि त्यांनी प्रत्यक्ष करूनही पाहिलं.

प्रवासी बॅगेला तीन चकत्यांचं आकडी कुलूप असतं. त्यात एक हजार शक्यता. चिकाटीचा माणूस तासाभरात उघडतो. संगणकावरचा मजकूरही किल्ली वापरून गुप्त रूपात बदलतात. याला कूटलेखन म्हणतात. ही किल्ली म्हणजे शून्य आणि एक या दोनच अंकांची लांब माळ. माळेतल्या एकेका जागेला बिट म्हणायचं. एक बिट वाढला की शक्यता दुप्पट.

आता श्रमदान आठवा. २०१६ साली कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. माणसं दुप्पट आली की चर निम्म्या दिवसांत होतात. किल्ली शोधण्याचं कामही असंच वाटून देता येतं. इथपर्यंतच्या किल्ल्या तू तपास, तिथून पुढच्या मी तपासतो. एकमेकांसाठी खोळंबायला नको.

अमेरिकी सरकारनं प्रमाण ठरवलेली ‘डीईएस’ ही पद्धत ५६ बिटांची होती. १९९७ साली इंटरनेटवरच्या स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकांचा रिकामा वेळ देऊन तिची किल्ली शोधून काढली. जानेवारी १९९९ मध्ये एक खास बनवलेलं यंत्र आणि सुमारे एक लाख संगणक यांनी मिळून तेच काम २२ तास १५ मिनिटांत उरकलं. म्हणजे शंका खरी ठरली होती.

पण पुढचं ऐका. ‘आरसी-५’ नावाच्या पद्धतीची ६४ बिटांची किल्ली शोधायला तीन लाख एकतीस हजारांहून अधिक लोक लागले आणि १,७५७ दिवस गेले. २००२ मध्ये ती सापडली. त्याच वर्षी ७२ बिटांची मोहीम सुरू झाली. फक्त आठ बिट जास्त. पण काम २५६ पट. वीस वर्षांनंतरही ती किल्ली हाती आलेली नव्हती. माणसं दुप्पट करावीत, तर तेवढ्यात डोंगरही दुप्पट झालेला!

आज ‘एईएस’ पद्धतीची किल्ली कमीत कमी १२८ बिटांची असते. कागदावर हिशेब मांडू. जगातल्या आठशे कोटी माणसांना एकेक संगणक दिला आणि प्रत्येक संगणक सेकंदाला शंभर कोटी किल्ल्या तपासतो असं धरलं, तरी सगळ्या शक्यता संपायला सुमारे एक लाख पस्तीस हजार कोटी वर्षं लागतील. नशिबानं निम्म्यात सापडली असं म्हटलं, तरी विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षांचंच आहे. विजेच्या बिलाचा विचार तर सोडूनच द्या.

अपवाद आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. ‘आरएसए’ या पद्धतीची ताकद प्रचंड मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याच्या अवघडपणात आहे. १९७७ साली एका मासिकात १२९ अंकी संख्या आव्हान म्हणून छापली गेली, तेव्हा हे काम अब्जावधी वर्षांचं वाटत होतं. १९९४ मध्ये सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी ते आठ महिन्यांत केलं. इथं संगणक वाढले होतेच, पण खरी कमाल गणिताच्या नव्या युक्तीची होती. २०२० पर्यंत २५० अंकी संख्येपर्यंत मजल गेली. वापरातली संख्या सहाशेहून अधिक अंकी असते. पुरेसे मोठे क्वांटम संगणक झाले तर ही पद्धत ढासळेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं. म्हणून अमेरिकेच्या प्रमाण संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धती जाहीरही केल्या.

मग चोऱ्या होतात त्या कशा? प्रतिसरकारच्या काळात नाना पाटलांना धरायला इंग्रजांकडं पोलीस कमी नव्हते. त्यांना हवा होता तो खबऱ्या. इथंही तसंच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यासाठी कोणी अब्जावधी वर्षं किल्ल्या फिरवत बसलं नाही. बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्राम घुसवून, पैसे द्यावेत की नाही हे विचारणाऱ्या एटीएमला चोरांचीच यंत्रणा होकार देत राहिली. बनावट कार्डं घेतलेली माणसं २८ देशांत उभी होती. काही रक्कम तर कोल्हापुरातूनही निघाली. वाटून केलेलं काम तेही, पण कुलूप फोडण्याचं नव्हे.

मोबाइलवर येणाऱ्या सहा आकडी ओटीपीचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. त्याच्या शक्यता अवघ्या दहा लाख. साधा संगणकसुद्धा त्या क्षणात मोजून टाकील. तो आकडा सुरक्षित राहतो, कारण बँक दोन-चारदाच चुकू देते आणि थोड्या वेळानं तो बादही करते. संगणकाची सगळी ताकद तिथं बिनकामाची ठरते. म्हणून तर चोर संगणक बाजूला ठेवतो, तुम्हाला फोन लावतो आणि ‘साहेब, बँकेतून बोलतोय’ म्हणतो.