न विणलेलं कापड ताणलं कसं जातं?

धाराशिवजवळच्या कौडगाव औद्योगिक वसाहतीत तांत्रिक वस्त्रांचं संकुल उभं करण्याचा विषय गेली काही वर्षं बातम्यांत आहे. मास्क, डायपर, बँडेज, सर्जिकल गाऊन असं काय काय तिथे बनू शकेल याची चर्चा होते; गुंतवणूक आणि रोजगाराची गणितं मांडली जातात. हे कापड तयार होतं कसं, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. खरं नवल तर तिथेच आहे.

यातलं बरंचसं कापड मागावर चढतच नाही. ना ताणा, ना बाणा. तंतू पिंजून त्यांचा पातळ थर अंथरायचा आणि सुयांनी, पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी किंवा उष्णतेने ते एकमेकांत अडकवायचे, की झालं नॉनवोव्हन. ते भराभर तयार होतं आणि स्वस्त पडतं. पण ओढलं की सैल पडतं किंवा फाटतं, पुन्हा आखडत नाही. मुरगळलेल्या घोट्यावर बांधायच्या क्रेप बँडेजला भरपूर पीळ दिलेल्या सुतामुळे ताण येतो. इथे सूतही नाही आणि वीणही नाही. लेटेक्स रबर घालता येतं, पण काहींच्या त्वचेला ते सोसत नाही. मग लवचीकपणा आणायचा कुठून?

उत्तर मेंढीच्या अंगावर होतं. लोकर कुरळी का असते, याचा उलगडा 1953 मध्ये क्योतो विद्यापीठाच्या मासाओ होरिओ आणि तेत्सुओ कोंदो यांनी केला. मेरिनो लोकरीचे बारीक छेद घेऊन त्यांनी ते रंगवले, तेव्हा तंतूच्या एका अर्ध्या भागाने रंग वेगळा धरला. म्हणजे एकच तंतू लांबीभर दोन निरनिराळ्या अर्धांचा बनलेला होता. तंतू वळतो तिथे यातला ठरावीक अर्ध नेहमी बाहेरच्या अंगाला असतो. कुरळेपणा केसाच्या रचनेतच होता!

घरच्या इस्त्रीत दोन वेगळ्या अर्धांचं हेच तत्त्व काम करतं. तिच्यात दोन धातू एकमेकांना घट्ट जोडून केलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी; सुटका नसल्याने पट्टी वाकते आणि वीज तोडते. ही युक्ती अठराव्या शतकातल्या जॉन हॅरिसनची. समुद्रावर रेखांश मोजण्यासाठी अचूक घड्याळ करण्याच्या ध्यासात, तापमानामुळे घड्याळ चुकू नये म्हणून त्याने पितळ आणि पोलाद जोडून अशी पट्टी घडवली. सुतारकामात वाढलेल्या माणसाची ही कल्पना आज घरोघरी आहे.

कृत्रिम तंतूत पितळ-पोलादाच्या जागी दोन प्रकारचे पॉलिएस्टर येतात. दोन्ही वितळवून एकाच छिद्रातून शेजारी-शेजारी बाहेर काढतात. तंतू खेचला की आतले लांबलचक रेणू ताणून एका दिशेला लागतात. पुढे उष्णता दिली की हे ताणलेले रेणू आखडू पाहतात. एक अर्ध जास्त आखडतो, दुसरा कमी, आणि तंतू मळसूत्रासारखा गुंडाळला जातो. इस्त्रीची पट्टी थंड झाल्यावर सरळ होते, हा तंतू मात्र होत नाही, कारण त्याच्या रेणूंची मांडणीच बदललेली असते. शेजारची वेटोळी एकमेकांत गुंततात, थर आक्रसून जाड होतो आणि ओढून सोडला की परत येतो. रबराचा कणही न वापरता!

यात एक मेख आहे. तापवण्याआधी थर जास्त घट्ट अडकवला, तर तंतूंना वळायला जागाच उरत नाही. फार सैल सोडला, तर भट्टीतून कुठे जाड, कुठे विरळ कापड बाहेर येतं. थराला आक्रसायची मोकळीक किती द्यायची आणि तो किती तापवायचा, यातच कारागिरी आहे.

दुसरी वाट वेगळी. टेनेसी विद्यापीठातल्या चार्ल्स हॅसेनबोहलर आणि लॅरी वॉड्सवर्थ यांनी 1990 च्या दशकात तयार नॉनवोव्हनच गरम करून लांबीकडे खेचलं. तापमान प्लास्टिक मऊ पडेल इतकं, पण वितळणार नाही असं. कापडाची रुंदी कमी झाली, छिद्रं बारीक झाली आणि आडव्या दिशेला ताण आला. गाळणीच्या कापडाला हा दुहेरी लाभ.

नायलॉन म्हटलं की कॅरदर्सचं नाव घेतलं जातं. होरिओंचं नाव मात्र वस्त्रविज्ञानाबाहेर जवळजवळ कोणाला ठाऊक नाही. त्यांच्या शोधानंतर दहा वर्षांच्या आत ड्युपाँट कंपनीचा दोन अर्धांचा ॲक्रिलिक तंतू बाजारात आला होता. हे श्रेय पाठ्यपुस्तकात यायला हवं.

धाराशिवला कापड नवं नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचं, म्हणजे याच जिल्ह्यातल्या आजच्या तेरचं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असल्याची नोंद आहे. पण तेवढ्या वारशावर नवा उद्योग चालणार नाही. यंत्रं विकत मिळतात, भट्टीचं ज्ञान मिळवावं लागतं. तोटेही झाकू नयेत: हा माल खनिज तेलातून येतो, कुजत नाही, आणि दोन पॉलिमर एकाच तंतूत जोडलेले असल्याने त्याचा पुनर्वापर कठीण. एकदा वापरून फेकायच्या वस्तूंचा ढीग करण्यापेक्षा जखमेच्या पट्ट्या, आधाराची बँडेजं अशा गरजेच्या वस्तूंवर भर द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिकायला फार लांब जायचं कारण नाही. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत नॉनवोव्हनचं उत्कृष्टता केंद्र आहे. कौडगावच्या आराखड्यात शेडआधी चाचणी प्रयोगशाळा हवी आणि जिल्ह्यातल्या आयटीआय व अभियांत्रिकीच्या मुलांना इचलकरंजीत प्रशिक्षण हवं. धाराशिवकरांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे या दोन गोष्टींची मागणी आत्ताच करावी.