घर दोन ऋतूंत पाहावं

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या प्राध्यापकाने पोखर्णीत येऊन घरखरेदीवर बोलावं, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण हा विषय आम्ही पैसे मोजून शिकलो आहोत.

निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून आम्ही एक तयार घर घेतलं. पाहायला गेलो भाद्रपदात. भिंती गुळगुळीत, रंग ताजा. चैत्र संपता संपता खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली, वैशाखात तिच्यात रुपयाचं नाणं उभं शिरू लागलं आणि मागच्या खोलीचं दार चौकटीत अडकायला लागलं. पुढच्या श्रावणात भेग जवळजवळ मिटली. घरचे म्हणाले, बरं झालं! बरं कसलं?

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा आपण लहानपणापासून पाहतो; तीच माती घराखाली असते, एवढं मात्र विसरतो. पाया वरवरचा असला की घराचा एक कोपरा वर्षाला वर-खाली होतो. म्हणून मालकाला पहिला प्रश्न विचारा: पाया मुरमापर्यंत गेलाय का? मालक सांगेल ते ऐका, मग घर बांधणाऱ्या गवंड्याला गाठा. गावात तो सापडतोच. न्हाणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरतंय का आणि मोठं झाड भिंतीला खेटून आहे का, तेही बघा.

आमच्या न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. भेगेवरून पायाचं अनुमान तसंच. पण प्रत्येक भेग म्हणजे पायाचा दोष नव्हे. केसासारख्या भेगांचं जाळं बहुधा प्लास्टर सुकताना पडतं. तिरकी, एका टोकाला रुंद होत गेलेली किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी भेग असली, तर सावध व्हा. तिच्या टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा आणि ऋतू बदलला की पुन्हा या. मालक खूण करू देत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.

बाकीचं थोडक्यात. बोटाने ठोकून बघा, प्लास्टर सुटलं असेल तर आवाज पोकळ येतो. भिंतीच्या बुडाला लोणा, स्लॅबखाली गंजाचे डाग, साऱ्या घरात एकाच भिंतीला नवा रंग, हे सगळं टिपून ठेवा. आणि जुना वाडा घेताय? जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत खोटा ठरला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवरच आलं.

आता विकणाऱ्याकडे वळू. इ.स.पू. ४४ मध्ये रोमच्या सिसेरोने हाच प्रश्न मांडला आहे. घरात साप निघतात, लाकूड कुजकं आहे आणि हे फक्त मालकाला ठाऊक आहे. त्याने गिऱ्हाइकाला सांगावं का? डायोजेनिस म्हणतो, घे म्हणून जबरदस्ती तर केली नाही ना! त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं. सिसेरो शिष्याच्या बाजूचा. आपला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही कलम ५५ मध्ये तेच सांगतो: करारात वेगळं ठरलं नसेल, तर जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही कळला नसता, तो उघड केला पाहिजे. प्रश्न आहे तो ‘साधारण काळजी’चा. काळ्या मातीच्या मुलखात भाद्रपदात एकदा घर पाहणं ही साधारण काळजी झाली का? आमच्या मते नाही. म्हणजे त्या मालकावर आम्ही कितीही चिडलो, तरी निम्मी चूक आमचीच.

चार वर्षांनी ते घर आम्हीच विकायला काढलं. एक तरुण शिक्षक आले, तेही नेमके पावसाळ्यात. भेग मिटलेली होती. त्यांना घर आवडलं, चहा झाला आणि आम्ही गप्प बसलो. हो, गप्प बसलो! आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलेला माणूस. रात्री झोप लागली नाही. सकाळी फोन करून त्यांना बोलावलं, कपाट सरकवलं आणि भिंतीवरच्या पेन्सिलीच्या खुणा दाखवल्या. त्यांनी वैशाखात परत येऊन गवंड्यासह घर पाहिलं, किंमत बरीच खाली आणली आणि घेतलं. रंग देताना तेवढ्या तारखा ठेवायच्या का, असं आम्ही विचारलं. म्हणाले, ‘‘राहू द्या सर, पुढच्या मला लिहायच्या आहेत.’’