पऱ्हाटीचे मोल

वऱ्हाडात कपाशीची उलंगवाडी झाली आणि शेवटची वेचणी आटोपली, की काळ्या रानात उभ्या राहतात त्या पाने झडलेल्या, तपकिरी पऱ्हाट्या. आणि ज्या झाडाच्या बोंडासाठी शेतकऱ्याने खते घातली, फवारण्या केल्या, कर्जाचे हप्ते डोक्यावर घेतले, त्याच झाडाचे खोड आता त्याला नांगरटीतील अडथळा वाटू लागते. काही पऱ्हाटी सरपणासाठी घरी जाते, काही धुऱ्यावर रचली जाते, आणि बरीचशी जागच्या जागी पेटवून दिली जाते. हेक्टरी दोन-तीन टन सुके काष्ठ असे दरसाल हाती येते; साऱ्या देशाचा अंदाज वर्षाकाठी सुमारे ३ कोटी टनांचा सांगितला जातो.

हे काष्ठ गवताच्या काडाहून निराळे आहे, ही गोष्ट पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. पऱ्हाटीची तंतुरचना पानझडी वृक्षांच्या लाकडाशी मिळतीजुळती असल्यामुळे मुंबईत माटुंग्यास १९२४ साली कापसाच्या तंतूंच्या परीक्षणासाठी स्थापन झालेल्या प्रयोगशाळेने, म्हणजे आजच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, पुढे खोडाकडेही लक्ष वळवले आणि त्याचे पार्टिकल बोर्ड करण्याची रीत सिद्ध केली. खोडाचे आधी मोठे तुकडे करावयाचे, मग ते बारीक कुटून चाळावयाचे, वाळवून त्यांत राळेचे मिश्रण कालवावयाचे, आणि तो थर तापत्या दाबयंत्राखाली घट्ट बसवावयाचा, एवढ्या क्रमाने कपाटाच्या दारास किंवा टेबलाच्या पृष्ठास योग्य अशी फळी तयार होते. याच चुऱ्यापासून कांडीकोळसा व पेलेट होतात, आणि कुटलेल्या खोडावर धिंगरी अळिंबीही उत्तम येते.

शास्त्राने आपला भाग केला असताना पऱ्हाटी अजून जळते, याचे कारण तिच्या आकारमानात आहे. ती फांद्यांनी पसरलेली असते. ट्रॉली काठोकाठ भरली तरी वजन भरत नाही, आणि कारखान्यापर्यंतचे भाडे मालाच्या किमतीहून वरचढ होऊन बसते. उपटणीची मजुरी, बांधणीची मजुरी आणि वाहतूक ही तिन्ही खाती शेतकऱ्याच्या नावे पडत असतील, तर त्याने आगपेटी काढली म्हणून त्याला बोल लावण्याचा अधिकार कोणाला आहे असे मला तरी दिसत नाही. पहिला दाम शेताच्या बांधावर, कुट्टी झाल्या क्षणी, वजनावर मिळाला पाहिजे. त्याशिवाय बाकीची सारी तजवीज कागदावर राहील.

या व्यवहारात केवळ पैशाचा प्रश्न नाही. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात जो हाहाकार माजवला, त्याची आठवण अजून ताजी आहे. ही अळी न उमललेल्या बोंडांत व सरकीत सुप्तावस्थेत दडून बसते आणि पुढल्या हंगामाची वाट पाहते. म्हणूनच फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेले कपाशीचे पीक, घेऊ नये, पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवू नये, असे कृषी विद्यापीठे परोपरीने सांगत आली आहेत. वेळेवर उपटून कुट्टी केलेली पऱ्हाटी अळीचा आसरा मोडते, आणि जी गोष्ट पीकसंरक्षणासाठी करावीच लागते तिचेच थोडे उत्पन्न होते. मात्र जमिनीचा वाटा जमिनीलाच द्यावा. कर्बाने गरीब झालेल्या रानातून सगळेच काष्ठ काढून नेणे ही वेगळ्या प्रकारची लूट ठरेल, आणि म्हणून काही कुट्टी कंपोस्ट होऊन मातीत परतली पाहिजे.

संकलनाची जागा मात्र आपल्याजवळ आयतीच आहे. अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा या जिल्ह्यांत जागोजागी पसरलेल्या जिनिंग कारखान्यांना अंगण आहे, वीज आहे, वजनकाटा आहे, आणि कापूस उतरवणाऱ्या शेतकऱ्यांशी जुना परिचय आहे; त्यांची यंत्रे उन्हाळ्यात थंडावतात, तर पऱ्हाटीची उपटणी त्याच्या अगोदर, माघ-फाल्गुनात, म्हणजे कारखाने चालू असतानाच होते. सरकीच्या हिशेबाशेजारी कुट्टीचे एक खाते त्यांनी उघडावे, आणि त्यासाठी लागणारी कुट्टीयंत्रे तालुक्यातील शेतकरी संस्थांना भाड्याने मिळावीत, एवढी तरतूद सरकारने प्रथम करावी.