घर झाडणारें यंत्र घराचा नकाशा कसा काढतें

(नभोवाणीवरील भाषण)



वर्धा जिल्ह्यांतील एका खेड्यांत मीं पस्तीस वर्षें मास्तरकी केली. भूमिति शिकवितांना एक प्रश्न दरवर्षीं हटकून येई : "गुरुजी, या त्रिकोणांचा पुढें उपयोग काय ?" मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, जमेल तसें उत्तर देत असें. पण माझें स्वतःचें समाधान झालें तें साठी उलटल्यावर, पुण्यास मुलाच्या बिऱ्हाडीं. तेथें ताटाएवढें एक वाटोळें यंत्र आहे. तें जमिनीवरून फिरत केर झाडतें, धूळ ओढून घेतें आणि काम आटोपलें कीं आपल्या चार्जिंगच्या डॉकवर जाऊन बसतें. झाडण्याचें मला फारसें नवल वाटलें नाहीं. नवल वाटलें तें परत जाण्याचें. आमच्या यंत्राला कॅमेरा नाहीं. मग त्याला वाट कशी कळते ?

हा प्रश्न माझ्या मनांत घर करून बसला याचें कारण घरांतच आहे. माझी थोरली बहीण, आमची आक्का, हिची दृष्टि कांचबिंदूनें गेली. ती पुण्यास राहावयास आली तेव्हां आठ दिवस भिंतीला हात लावून तिनें घर शिकून घेतलें. खाटेपासून दारापर्यंत ६ पावलें, दारापासून न्हाणीघरापर्यंत ११. मध्यें फ्रिजचा गुणगुणाट उजव्या कानाशीं आला कीं हिशेब बरोबर असल्याची तिची खात्री पटते. नाहीं आला, तर ती थांबते आणि भिंत चांचपते. यंत्राची युक्ति मला पुढें समजली ती या आक्काच्या चालण्यावरून.

प्रारंभींच्या यंत्रांपाशीं नकाशा नव्हता. २००२ सालीं अमेरिकेंत 'रूंबा' नांवाचें यंत्र विक्रीस आलें, तें कशाला तरी धडके, वळे आणि दुसरीकडे जाई. एखादी जागा चारदां झाडली जाई, एखादी मुळींच नाहीं. पण पुष्कळ वेळ हिंडल्यानें बहुतेक घर निघे. आळशी मुलानें पाटी पुसावी तसा हा प्रकार.

नकाशा काढावयाचा तर प्रथम आपण किती चाललों हें कळलें पाहिजे. त्यासाठीं यंत्र आपल्या चाकांचे फेरे मोजतें. चाकाचा व्यास ७ सेंटिमीटर धरा, म्हणजे परीघ झाला २२ सेंटिमीटर; दहा फेऱ्यांत तें दोन मीटर आणि वीस सेंटिमीटर पुढें जाणार. ही झाली आक्काची पावलें. परंतु सतरंजीवर चाक घसरतें, ओल्या फरशीवर जागच्या जागीं फिरतें, आणि यंत्राला वाटतें कीं आपण पुढें आलों. दिशेंतील चूक तर अधिकच घातक. तोंड एका अंशानें चुकलें तर पांच मीटरांवर यंत्र जवळजवळ पावणेनऊ सेंटिमीटर बाजूला पडतें. अशा चुका एकीवर एक चढत जातात. नुसत्या फेऱ्यांवर भिस्त ठेवली तर थोड्याच वेळांत यंत्राच्या हिशेबीं स्वयंपाकघर शेजाऱ्याच्या भिंतींत शिरेल.

येथें खरी अडचण उभी राहते. आपण कोठें आहों हें कळावयास नकाशा हवा, आणि नकाशा काढावयास आपण कोठें आहों हें कळावयास हवें. बीं आधीं कीं झाड आधीं, तसा हा पेंच आहे. १९८६ च्या सुमारास विद्वानांनीं यावर पद्धतशीर विचार सुरू केला आणि १९९५ सालीं त्या विषयाला 'स्लॅम' हें इंग्रजी आद्याक्षरांचें नांव मिळालें. जागा ठरविणें आणि नकाशा काढणें हीं दोन्ही कामें एकाच वेळीं करावयाचीं, असा त्याचा अर्थ. तोड अशी कीं, दोहोंपैकीं कशावरही पूर्ण विश्वास ठेवावयाचा नाहीं. एकाची चूक दुसऱ्यानें थोडथोडी सुधारीत जावयाची.

आतां त्रिकोणाकडे येतों. आमच्या जिल्ह्यांत हिंगणघाट येथें लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्ब्टन याची कबर आहे. १८०२ सालीं मद्रासजवळ सुमारें साडेसात मैलांची एक रेघ साखळीनें मोजून त्यानें हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला, आणि ती मोजणी उत्तरेकडे नेत असतां १८२३ सालीं हिंगणघाटास त्याचा अंत झाला. एक बाजू नीट मोजावी, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहून कोन घ्यावे, म्हणजे टेकडीकडे पाऊल न टाकतां तिचें अंतर निघतें.

तेंच यंत्राच्या पाठीवरील फिरत्या टोपींत चालतें. टोपींत एक लेसर असतो आणि त्याच्या शेजारीं, कांहीं सेंटिमीटरांवर, प्रकाश टिपणारा ग्राहक. या दोहोंमधलें ठरलेलें अंतर ही लॅम्ब्टनची रेघ. लेसरचा ठिपका भिंतीवर पडला कीं ग्राहकाला तो कोणत्या कोनांत दिसतो त्यावरून भिंतीचें अंतर निघतें. भिंत दूर असेल तर कोनांत फरक थोडा पडतो, म्हणून दूरच्या मापांत चूक अधिक. २०१० सालीं 'निआटो' नांवाचें यंत्र अशी टोपी घेऊन बाजारांत आलें. ती सेकंदाला सुमारें पांच फेरे घेई आणि प्रत्येक फेऱ्यांत अंशाअंशाला एक, अशीं ३६० मापें टिपी. कांहीं यंत्रें त्रिकोणाऐवजीं प्रकाशाला जाऊन परत येण्यास लागणारा काळ मोजतात. तीन मीटरांवरच्या भिंतीसाठीं हा काळ सेकंदाचा पांच कोटीवा भाग ! माझ्या घड्याळाला सेकंदाचा कांटाही नाहीं.

हीं मापें मांडावयाचीं कशीं ? आलेखाच्या कागदासारख्या चौकटींवर. चौकट ५ सेंटिमीटरांची धरली तर ३·६ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद खोलींत ४,३२० चौकटी होतात. ही रीत हान्स मोराव्हेक आणि आल्बर्टो एल्फेस यांनीं अमेरिकेंत १९८५ सालीं मांडली. तिच्यांत एक शहाणपण आहे. एकदां किरण अडला म्हणून 'येथें भिंत आहे' असें यंत्र लिहीत नाहीं. अडविणारें मांजर असेल, नाहींतर सूनबाईंचा पाय. म्हणून प्रत्येक चौकटींत केवळ संभवाचा आंकडा असतो. किरण जेथें अडला ती चौकट भरलेली असण्याचा संभव थोडा वाढवावयाचा आणि वाटेंत ज्या चौकटी तो ओलांडून गेला त्यांचा कमी करावयाचा. मांजर उठून गेलें कीं पुढच्या फेऱ्यांनीं तिचा डाग आपोआप पुसला जातो. भिंत कोठें जात नाहीं; तिचा आंकडा चढतच राहतो.

पुढें यंत्र सरकतें, नवीं मापें घेतें आणि तीं जुन्या नकाशावर ट्रेसिंगचा कागद ठेवावा तशीं ठेवून, रेघांवर रेघा बसेपर्यंत सरकवून, फिरवून पाहतें. बसल्या, कीं चाकांच्या हिशेबांतील चूक तेथेंच दुरुस्त होते. हाच आक्काचा फ्रिज. शेतमोजणीदार शेत फिरून पहिल्या खुंटाशीं परत येतो, तेव्हां आंकड्यांत निघालेली तफावत सर्व मुक्कामांवर वांटून देतो. तसेंच हें यंत्रही घराला वळसा घालून ओळखीच्या कोपऱ्याशीं आलें म्हणजे मागचा सारा वळसा थोडाथोडा ओढून जुळवितें. कॅमेऱ्याचीं यंत्रें (रूंबानें तो मार्ग २०१५ सालीं धरला) लेसरऐवजीं चित्रांच्या चौकटी, दारांचे कोपरे अशा ठळक खुणा लक्षांत ठेवतात. त्यांना उजेड लागतो, लेसरच्या यंत्राला अंधार चालतो.

फसण्याच्या जागाही सांगितल्या पाहिजेत. कांचेंतून किरण आरपार जातो, आणि आरशांत यंत्राला नसलेली खोली दिसते. पायरीवरून पडूं नये म्हणून पोटाखालीं जमीन पाहणारी जी साधनें असतात, तीं काळ्या गालिच्याला खड्डा समजतात. आमच्या नातवानें एकदां चालतें यंत्र उचलून दुसऱ्या खोलींत नेलें. 'यंत्र पळविलें तर तें काय करील' हा विद्वानांचाही ठरलेला प्रश्न आहे. तें गोंधळून गरगर फिरलें आणि मग पुष्कळ ठिकाणांचे अंदाज एकदम धरून, न जुळणारे टाकीत टाकीत, ठिकाणावर आलें.

नकाशा तयार झाला कीं अरुंद जागा ती दारें असें धरून खोल्या वेगळ्या होतात, आणि यंत्र प्रत्येक खोली बैलानें नांगरावी तशी येरझाऱ्यांनीं झाडतें. हा नकाशा मोबाइलवर दिसतो आणि पुष्कळदां करणाऱ्या कंपनीकडेही जातो. याची मला धास्ती वाटते. २०२२ सालीं अमेरिकेंतील 'एम. आय. टी. टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या नियतकालिकानें असें उघडकीस आणिलें कीं, २०२० सालीं परीक्षेसाठीं घरोघरीं दिलेल्या कॅमेऱ्याच्या यंत्रांनीं टिपलेलीं खासगी छायाचित्रें, शौचालयांतील एका स्त्रीचें सुद्धां, चित्रांवर खुणा करणाऱ्या कामगारांच्या हातून बाहेर पडलीं. तीं माणसें संमति देऊन परीक्षेंत सामील झालीं होतीं, असें कंपनीचें म्हणणें. पण अशा प्रसंगाची कल्पना कोणी दिली होती काय ? यंत्र घेतांना नकाशा व चित्रें कोठें राहतात, हें दुकानदाराला अवश्य विचारावें.

आमच्या घरीं तंटा झाला तो निराळाच. मुलानें डॉक बोळांत, भिंतीशीं मांडला होता. आक्का नवव्या पावलाला त्यावर अडखळली आणि गुडघ्यावर पडली. डॉक दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत नेला, तर यंत्राचें गणित बिघडलें. दोन दिवस तें जुन्या जागीं जाऊन घिरट्या घालीत राहिलें. मुलगा म्हणाला, "बाबा, डॉक परत तेथेंच ठेवूं या. आत्या दोन पावलें बाजूनें चालेल." मीं नको म्हटलें. जुना नकाशा पुसून यंत्राला घर पुन्हां शिकविलें; त्याला पाऊण तास लागला. आतां आक्काच्या खाटेभोंवतीं मोबाइलवर एक लाल चौकट आंखलेली आहे, तींत यंत्र शिरत नाहीं, आणि दुपारीं ती निजलेली असतांनाच तें सुरू होतें. तरीही त्याचा आवाज आला कीं ती पाय वर घेते.