तेल ओतण्याआधी

शेणवा, किन्हवली, सरळगाव या पट्ट्यात जुनी मारुती ८००, ओम्नी किंवा बोलेरो अजून कामाची गाडी आहे. अशा गाडीचा ब्रेक जरा खाली गेला की पहिला उपाय ठरलेला असतो. बॉनेट उघडायचं, डबी पाहायची, ब्रेक ऑइल काठोकाठ भरायचं. माझ्या मते निदानाचा पहिला पुरावा पुसला जातो तो इथेच. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, ब्रेक ऑइल जळत नाही. त्याची पातळी उतरते ती दोनच कारणांनी. पॅड आणि लायनर झिजले की पिस्टन बाहेर सरकतात आणि मागची जागा तेल भरून काढतं. हे महिनोन् महिने हळूहळू होतं आणि तोवर काळजीचं नसतं. अशा वेळी डबी भरून ठेवली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले जातात आणि तेल उतू जाऊन गाडीचा रंग खातं. दुसरं कारण गळती. पातळी चार दिवसांत उतरली असेल तर टायरची आतली बाजू, ड्रमची मागची पत्र्याची थाळी, रबरी नळ्या आणि पेडलच्या वरचा भाग बोटाने चाचपावा. ओलं सापडलं तर गाडी हलवायची नाही.

बाहेर काही ओलं नसेल तर पेडलला विचारावं. उभ्या गाडीत इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर मदत करतोय. दगडासारखं कडकच राहिलं तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी संशयित. स्थिर दाबाखाली पेडल हळूहळू बुडत गेलं आणि बाहेर थेंबही नसेल, तर बहुधा मास्टर सिलिंडरच्या आतली रबरं गेली. दोन-तीनदा दाबल्यावर ते वर येऊन घट्ट झालं तर मागच्या लायनरचं अंतर वाढलंय. वर येऊनही स्पंजासारखं राहिलं तर लाइनमध्ये हवा आहे. ब्रेक लावल्यावर गाडी उजवीकडे ओढते तेव्हा लोक उजवं चाक उघडतात, पण दुबळं असतं ते बहुधा डावं. ब्रेक न लावताही ओढत असेल आणि एकच रिम इतरांपेक्षा तापत असेल, तर मात्र त्याच बाजूचा कॅलिपर अडकलाय. पावसाळ्यातल्या सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला होणारी खरखर डिस्कवरच्या गंजाची असते, तिला घाबरू नये. ती दिवसभर टिकली तर पॅड संपून लोखंड लोखंडावर घासतंय.

ब्रेक ही घरी हात घालायची वस्तू नाही, हा आक्षेप दुरुस्तीपुरता मला मान्य आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, ड्रममधली धूळ फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. पण वरच्या कोणत्याही तपासणीला पाना लागत नाही. आणि गॅरेजमध्ये ‘ब्रेक बघा’ एवढंच सांगितलं, तर बहुतेकदा पॅड बदलून मिळतात, मग दोष मास्टर सिलिंडरचा का असेना. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अंगणात ठीक वाटलेला ब्रेक माळशेज उतरताना दगा देऊ शकतो. खरंच देतो, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि इथला पावसाळा त्याला ती भरपूर पुरवतो. डॉट ३ प्रतीचं नवं तेल किमान २०५ अंशांवर उकळतं. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हद्द १४० पर्यंत येऊ शकते. मग घाटात तेलाची वाफ होते आणि पेडल तळाला जातं. पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर पॅड तापले आहेत. ही परीक्षा अंगणात घेता येत नाही. तेल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलणं आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरणं, एवढं मात्र हातात असतं. वरून ओतलेल्या ताज्या तेलाने खालचं जुनं पाणी निघून जात नाही.